मशीन कुठंय आणि तुम्ही कुठं?

सुटे नट-बोल्ट ड्रॉवरमध्ये साठत जातात ना, कुठल्या मशीनचे ते कुणालाच आठवत नाही पण टाकवतही नाहीत, तसे आमच्या दुकानात किस्से साठलेत. दुकान घरगुती जनरेटरचं. दापोडीत, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला. लाइट गेल्यावर माणूस कसा वागतो हे ज्याला बघायचंय, त्यानं आठवडाभर आमच्या काउंटरवर बसावं!

काउंटरवर मी असते. मुक्ता. बीएस्सी झालेली आणि कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. मालकीण शैलाताई. आणि मेकॅनिक बाळूदादा, चाकणजवळच्या गावचा. एवढाच आमचा स्टाफ.

तर त्या गुरुवारी. आमच्याकडं गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी आणि लाइटच्या दुरुस्तीचा वार. दुपारी संत तुकाराम नगरची लाइट गेली आणि मी पाठककाकांना फोन लावला. काकांनी नुकताच आमच्याकडून जनरेटर नेला होता, त्यांच्या आईसाठी. आजी अंथरुणाला खिळलेल्या, ऑक्सिजनच्या यंत्रावर. लाइट गेली की ते यंत्र बंद. म्हणून जनरेटर.

"एकदम फर्स्ट क्लास चाललंय!" काका म्हणाले. "समोरच्या मॅडमची ट्यूशन असते ना, त्यांनाही अजिबात त्रास नाही. रस्त्यापर्यंतसुद्धा आवाज येत नाही! बरं, बॅटरी संपत आलीये, फोन चार्जिंगला लावतो. ठेवतो हं!"

"वा वा, छानच!" मी म्हणाले. फोन ठेवला. चहाचा कप उचलला. आणि तसाच खाली ठेवला.

काहीतरी खटकलं होतं. अगदी बारीक. काकांच्या बोलण्यामागं जनरेटरचा आवाज येत होता, आणि तो घुमत होता. बाथरूममध्ये कुणी गाणं म्हणावं तसा.

रस्त्यावर आवाज येत नाही. म्हणजे मशीन अंगणात नाही. म्हणजे...

"काय गं?" शैलाताईंनी डब्यातून मान वर केली. "भूत बघितल्यासारखी काय बसलीस?"

मी सांगितलं. त्यांच्या हातातला घास डब्यात पडला. पेट्रोलच्या मशीनच्या धुरात एक गॅस असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद घरात तो माणसाला झोपवतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आमच्या दुकानात कशाचीही चेष्टा चालते, या एका गोष्टीची नाही.

"मशीन कुठंय, विचारलंस?"

"विचारायच्या आत ठेवला त्यांनी!"

"बाळू, फायर ब्रिगेडला फोन लाव. पत्ता सांग." ताईंनी स्कूटीची किल्ली उचलली. "मी निघाले. आणि तू? तू फोन सोडायचा नाहीस. उचलेपर्यंत लावायचा!"

मी लावला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. परत लावला. कुणी उचलेना.

तुम्हाला सांगते, नुसती रिंग ऐकत बसलं ना की डोकं जागेवर राहत नाही. त्या वेळात मला आमच्या दुकानातलं काय काय आठवलं, देव जाणे. जसं आठवलं तसं सांगते.

*

माझा नोकरीचा पहिला दिवस. बाळूदादानं दारात एका मशीनची दोरी खेचली. ते धडधडलं, आणि मी काउंटरखाली! म्हणजे अगदी खरोखर खाली. वर आले तर समोर गिऱ्हाईक उभं, आणि माझ्या केसांत कोळिष्टक.

गिऱ्हाईक हसायला लागलं. "अहो ताई, जनरेटरच्या दुकानात असली भित्री मुलगी कुठून आणलीत?"

मला वाटलं, संपली नोकरी. घरी काय सांगायचं याची मी मनात तयारी करायला लागले.

शैलाताईंनी मानही वर केली नाही. "मुद्दाम आणलीये. धीट माणसं मशीन बेडरूममध्ये ठेवतात!"

शैलाताई म्हणजे काय चीज आहे ते तिथंच कळलं. चाकणच्या एका कंपनीत त्या कितीतरी वर्षं इंजिनं जोडायच्या. नुसत्या आवाजावरून मशीनचा आजार सांगतात. आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात! "माझ्यासारखा कान पुण्यात नाही," हे वाक्य दिवसातून एकदा तरी होतंच. पण माझ्याबद्दलही त्या गिऱ्हाइकांना तितक्याच तोऱ्यात सांगतात, "ही पोरगी दचकली ना, की समजायचं, काहीतरी आहे."

दचकण्याबद्दल शाबासकी मिळालेली मी पहिलीच असेन.

*

पुनावळ्याचं एक जोडपं आलं. दोघं आयटीत. चौदाव्या मजल्यावर नवा फ्लॅट. नवरा मोबाइलमध्ये सगळा अभ्यास करून आलेला. "आम्हाला पाच केव्हीएचा द्या. हा असा. बाल्कनीत बसतो, मी मोजलंय."

शैलाताईंनी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोला विचारलं, "लाइट गेल्यावर तुमच्या घरात पहिलं भांडण कशावरून होतं?"

ती जरा लाजली. "वायफायवरून."

"दुसरं?"

"पंख्यावरून."

"तिसरं?"

"तोवर लाइट येते."

"मग वायफायला आणि पंख्याला जनरेटर कशाला? फ्लॅटच्या बाल्कनीत पेट्रोलचं मशीन ठेवलंत तर धूर तुमच्या घरात, वरच्यांच्या घरात आणि शेजाऱ्यांच्या घरात. रस्ता ओलांडा. समोर इन्व्हर्टरचं दुकान आहे. माझं नाव सांगा."

नवरा गोंधळला. "पण ताई, मी विकत घ्यायला आलोय!"

"आणि मी विकत नाहीये!"

गेली बिचारी रस्ता ओलांडून. मी मनात म्हटलं, हे दुकान दिवाळीपर्यंत टिकत नाही. त्याच संध्याकाळी त्या मुलानं नेटवर आमच्याबद्दल लिहिलं. पाच स्टार. खाली एकच ओळ, "इथे मला काहीही विकलं नाही."

ते वाचून लोक अजून येतात!

*

चाकणजवळचे एक भाऊ आले होते. घरची शेती, आणि स्वतः कंपनीत शिफ्टला. सोबत वहिनी. भाऊंचा हिशेब पक्का, "तीन लाइट, दोन पंखे, एक टीव्ही. आमाला बारकंच मशीन पायजे."

"पाण्याची मोटर?" ताईंनी विचारलं.

"न्हाई, न्हाई. मोटर न्हाई लावायची."

"फ्रीज?"

"त्यो हाय, पन बंद ठिवू."

भाऊंच्या मागं वहिनी उभ्या होत्या. त्या खोकल्या. नुसत्याच. मला ऐकू आलं, ताईंना तर आलंच. त्या भाऊंना ओलांडून वहिनींकडं वळल्या. "वहिनी, जनरेटर चालू झाला की पहिलं बटण कुठलं दाबाल?"

"मोटरचं!" वहिनी एका दमात म्हणाल्या. "टाकी रिकामी झाली तर हे यनार हायत का हंडा घ्यायला?"

भाऊ छताकडं बघायला लागले.

मोटर सुरू होताना एकदम दुप्पट-तिप्पट जोर मागते. बारकं मशीन तिथंच मान टाकतं. त्यामुळं भाऊ मोठं मशीन घेऊन गेले, आणि जाताना वहिनींनी माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला.

तेव्हापासून आमच्या दुकानाची पद्धतच पडलीये. मशीन कुणीही घ्यायला येवो, घरात पाणी कोण भरतं त्याला विचारल्याशिवाय ताई लोड ठरवत नाहीत. परवा एक गृहस्थ म्हणाले, "पाणी मीच भरतो." ताईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला!

*

परत फोन लावला. वाजतोय. कुणी उचलत नाही.

*

आमच्या दुकानाच्या भिंतीवर वायरींची एक रांग टांगलेली आहे. प्रत्येक वायर मधोमध कापलेली. नवीन माणूस आत आला की आधी तिकडंच बघतो.

पहिली वायर मोशीच्या एका मुलाची. मोठ्या हौसेनं दाखवायला घेऊन आला होता. दोन्ही टोकांना पिना. "बघा ताई, जुगाड! एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. सगळं घर एका झटक्यात चालू!"

"बघू," म्हणून ताईंनी ती हातात घेतली. पकड उचलली. कट!

"अहो ताई! माझी वायर!"

"आता माझी. अरे भावा, तुझ्या घरातला करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो. तिथं खांबावर दुरुस्तीला माणूस चढलेला असतो. त्याला वाटतं लाइन बंद आहे. हात लावतो. पुढं तू सांग."

"मग काय करायचं, ताई?" पोरानं विचारलं. बाळूदादा त्याच दिवशी त्याच्याकडं जाऊन चेंजओव्हर स्विच बसवून आला. म्हणजे एका वेळी एकच, बाहेरची लाइट नाहीतर जनरेटर. दोन्हींची गाठच पडायला नको.

एकदा एक वायरमन आमच्याकडं आला. खांबावर चढणारा. त्याला स्वतःच्या मोटरसायकलसाठी की कशासाठी स्पार्क प्लग हवा होता. भिंतीकडं बघून म्हणाला, "हे काय ताई, तोरण लावलंय का?"

मी सांगितलं काय ते.

मग त्यानं त्या वायरींना हात लावला, देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा, आणि कपाळाला लावला. आणि गेला.

स्पार्क प्लग न्यायचा विसरूनच गेला!

*

दसऱ्याचा दुसरा दिवस. चाकणकडच्या एका गावातून फोन. "मशीन चालू हुतंय आन् लगेच गुदमरतंय."

बाळूदादा गेला. मीही गेले होते, कारण ताई म्हणाल्या, "सारखी काउंटरमागं बसून काय शिकणार?"

बघतो तर काय! जनरेटरला अंघोळ घालून, हळदी-कुंकू लावून, झेंडूची भलीमोठी माळ घातलेली. माळ नेमकी हवा आत जाते त्या जाळीवर. जाळीच्या फटींत अक्षता. चोकला धागा बांधलेला. पुढं अर्धा नारळ. त्या घरातल्या आज्जी शेजारीच बसलेल्या, नऊवारीचा पदर डोक्यावर, कुणी हात लावायची हिंमत करू नये अशा.

मला घाम फुटला. आता माळ काढ म्हणायचं कसं?

बाळूदादानं बाहेर चपला काढल्या. मशीनला हात जोडले. मग माळेला हात घातला.

"आरं, द्येवाला हलवतो व्हय?" आज्जी कडाडल्या. मी दोन पावलं मागं!

"न्हाई आज्जी," बाळूदादा शांतपणे म्हणाला, "द्येवाला श्वास घ्यायला जागा करतोय."

आज्जींनी विचार केला. मान डोलावली. माळ जाळीवरून निघून हँडलवर गेली, अक्षता फुंकरीनं उडाल्या, आणि दोरी खेचल्याबरोबर मशीन असं सुरू झालं की आज्जींनीच दोन्ही हात जोडले.

येताना आम्हाला पुरणपोळी. मशीनलाही दाखवली होती म्हणे, नैवेद्य म्हणून!

*

चिंचवडला दोन सख्खे भाऊ. बंगले शेजारी-शेजारी, बोलणं कामापुरतं. धाकट्यानं आमच्याकडून मशीन नेलं आणि आठवड्यात थोरला दुकानात हजर. तोंड लाल. "तुम्ही विकलेल्या त्या राक्षसामुळं मला दुपारी डोळा लागत नाही!"

मी आधीच काउंटरची कड घट्ट धरलेली. ताईंनी त्यांना पाणी दिलं. "दादा, लाइट गेल्यावर तुमच्या फ्रीजमधलं काय खराब होतं?"

"आमरस!" ते एवढ्या दुःखानं म्हणाले की मला वाटलं रडतात की काय.

ताईंनी तिथंच धाकट्या भावाला फोन लावला. फार काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाळूदादानं जनरेटरपासून थोरल्यांच्या फ्रीजपर्यंत एक स्वतंत्र वायर टाकून दिली.

पुढच्या वेळी तिकडची लाइट गेल्यावर मी थोरल्यांना घाबरत घाबरत फोन केला. "काका, आवाजाचा त्रास नाही ना होत?"

"कसला आवाज?" ते म्हणाले.

*

हसू येतंय ना? मलाही येतं. पण त्या दुपारी येत नव्हतं. कानाला फोन, फोनमध्ये रिंग. बाळूदादानं येऊन सांगितलं, फायर ब्रिगेडची गाडी निघालीये. मी ताईंना लावून बघितलं. त्यांचा फोन स्कूटीच्या डिकीत वाजत असणार. परत काकांना लावला.

आणि मग जो आठवू नये असं वाटत होतं, तोच किस्सा आठवला.

मी दुकानात येण्याआधीचा. बाळूदादाच्या तोंडून ऐकलेला. चाकणच्या पुढं एका वस्तीवर मशीन दिलं होतं. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, पेट्रोल ओतायचं नरसाळं आपल्याच गाडीत राहिलंय. दुसऱ्या दिवशी ते द्यायला गेला. त्या दिवशी तिकडं लाइट गेलेली आणि वारा सुटलेला, म्हणून घरच्यांनी चालू मशीन पडवीत ओढून दार लावून घेतलेलं.

बाळूदादानं दार ढकललं. सून डोकं धरून बसलेली. "पित्त झालंय जनू," म्हणाली. पोरं भर दुपारी पेंगत होती. सासूबाई भिंतीला टेकून काहीच बोलेनात. त्यानं पोरांना दोन्ही काखांत धरलं, सुनेला ओरडून उठवलं, सासूबाईंना ओढत अंगणात आणलं, मग दवाखाना. सगळे वाचले. अगदी सगळे.

दवाखान्यात सासूबाई शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "नरसाळं इसरलास म्हनून वाचलो रं बाबा. म्होरल्या येळंला बी इसर!"

बाळूदादानं ते मनावर घेतलं. तेव्हापासून तो प्रत्येक डिलिव्हरीला नरसाळं मुद्दाम 'विसरतो'. दुसऱ्या दिवशी ते द्यायच्या निमित्तानं जातो, चहा घेतो आणि मशीन कुठं ठेवलंय ते बघून येतो. गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस चांगला आहे, पण जरा विसराळू आहे!

आणि शैलाताईंनी दुसरी पद्धत पाडली. कुणाच्याही भागात मशीन दिल्यानंतर पहिल्यांदा लाइट गेली, की आपण होऊन फोन करायचा. एकच प्रश्न विचारायचा. "मशीन कुठंय आणि तुम्ही कुठं?" दोन्हींचं उत्तर एक आलं, की सगळं टाकून पळायचं.

*

आता पाठककाका.

काका रिटायर झालेले, पण आयुष्य कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये गेलेलं. दुकानात आले तेच मुळी मशीनभोवती एक प्रदक्षिणा घालत. काकू सोबत होत्या. संत तुकाराम नगरात बैठं घर, पुढं छोटं अंगण, समोरच्या घरात एका मॅडमची ट्यूशन. हे सगळं काकांनी ताईंना कागदावर काढूनही दाखवलं असतं, काकूंनी पेन काढून घेतलं म्हणून वाचलो.

"अंगणाच्या कोपऱ्यात ठेवायचं," ताईंनी सांगितलं. "खिडकी-दारापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं. ऑक्सिजनच्या यंत्रापर्यंत लांब वायर घ्यायची."

"आणि ट्यूशनवाल्या मॅडमनी तक्रार केली तर?"

"तर ऐकून घ्यायची! पण मशीन आणि माणूस एका छपराखाली नको."

काका सावरून बसले. "हा नियम?"

"हाच नियम."

"अपवाद?"

"अपवाद नाही!"

"मशीन आणि माणूस एका छपराखाली नको," काकांनी मोठ्यानं म्हणून बघितलं. परत एकदा म्हटलं. चेहऱ्यावर असं समाधान, की बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम मिळालं.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, यांना नियम नका हो देऊ. पाळतात! डॉक्टरांनी जेवणानंतर लगेच शतपावली सांगितली, तर भाच्याच्या लग्नात पंगत उठायच्या आत वाढप्यांच्या मधून चालत होते!"

आम्ही सगळे हसलो. ताईही हसल्या. मला काका फार आवडले. आईसाठी इतकं बारकाईनं कोण बघतं हो?

बाळूदादा मशीन पोचवून आला. रिवाजाप्रमाणं नरसाळं गाडीत ठेवून. पण क्वालिटीवाला माणूस तो! काकांनी खोक्यावरच्या चित्राशी एकेक वस्तू ताडून बघितली आणि बाळूदादा दुकानात पोचायच्या आत स्वतःच रिक्षानं आमच्या दारात! "एक नरसाळं कमी आलंय. तुमच्या माणसाला परत त्रास नको, म्हटलं मीच नेतो."

बाळूदादा आल्यावर त्यानं गाडीतलं नरसाळं काढून दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला दुसऱ्या फेरीचं निमित्तच ठेवलं नव्हतं.

म्हणून पाठककाकांनी मशीन कुठं ठेवलंय, हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नव्हतं.

*

रिंग.

आजींना मी कधी बघितलं नव्हतं. काका दुकानात आले होते तेव्हा त्यांनी फोनवर आईचा फोटो दाखवला होता. नाकाला नळी, आणि तरी कॅमेऱ्याकडं बघून हसतायत. त्यांना उठून दार उघडता येत नाही. खिडकीपर्यंत जाता येत नाही. घरातले बाकीचे दोघं पेंगायला लागले, तर आजींना हाक मारण्यापलीकडं काही करता येणार नाही.

रिंग. रिंग. कट झाली. परत लावला.

समोर बाळूदादा उभा. हातात पाना, पण पाना काय करणार? "लाव," म्हणाला. "लावत ऱ्हा."

माझ्या डोक्यात काहीच्या काही यायला लागलं. ताईंना सिग्नल लागला असेल का? पिंपरीच्या चौकात गर्दी असेल का? मी काकांना 'वा वा, छानच' का म्हणाले? दचकायला मला अर्धा मिनिट उशीर का झाला?

रिंग.

रिंग.

खट्!

"हॅलो?" काकू होत्या. धापा टाकत.

मला दुसरं काही सुचेना. मी किंचाळलेच. "काकू! मशीन कुठंय आणि तुम्ही कुठं?"

"अगं हळू, कान गेला माझा! मशीन आत हॉलमध्ये, पंख्याखाली. आणि आम्ही सगळे बाहेर अंगणात, आईंच्या कॉटसकट, त्या ऑक्सिजनच्या मशीनसकट! त्या मॅडमची ट्यूशन ना, म्हणून मशीन आत. आणि एका छपराखाली नको म्हणालात ना तुम्ही, म्हणून आम्ही बाहेर! आत पाऊल टाकायला बंदी केलीये यांनी. फोन खिडकीतून चार्जिंगला लावला तो आत घसरला, आणि आपला वाजतोय, वाजतोय. शेवटी खिडकीच्या गजातून वायर ओढून बाहेर काढला तेव्हा कुठं उचलता आला!"

मागं एक बारीक, थकलेला आवाज विचारत होता, "कोण आहे गं?"

"दुकानातली मुलगी आहे, आई! ...हं, तर ऐक. ऊन इतकं कडक आहे, की मी आईंच्या डोक्यावर धरायला छत्री घेऊन उभी राहिलेय. तर हे मघापासून मला धरू देईनात. म्हणे, आधी दुकानात विचार."

"विचार, विचार!" लांबून काकांचा आवाज आला.

"काय गं मुक्ता, छत्री चालते ना?"